माघारी वळणाऱ्या पेशी

न्यूट हा सॅलमँडरच्या कुळातला लहानसा उभयचर प्राणी. त्याच्या डोळ्यातले भिंग काढून टाकले, तर काही आठवड्यांत तिथे नवे भिंग येते. इटलीत कोलुची यांनी १८९१ मध्ये आणि जर्मनीत गुस्ताव वोल्फ यांनी १८९५ मध्ये ही गोष्ट नोंदवली. भिंग पुन्हा येते याहून ते कुठून येते हेच जास्त चकित करणारे होते. गर्भात भिंग घडते ते त्वचेच्या थरापासून. इथे मात्र ते बुबुळाच्या वरच्या कडेतून येत होते. त्या कडेच्या पेशी पूर्ण वाढलेल्या, काळ्या रंगकणांनी ठासून भरलेल्या, आणि प्रकाश अडवणे एवढेच त्यांचे काम. भिंग गेल्यावर त्या आपले रंगकण टाकून देतात आणि भक्षक पेशी ते उचलून नेतात. रंग गेलेल्या पेशी विभागू लागतात, त्यांची एक पोकळ पिशवी तयार होते, आणि मग त्यांच्याच वंशातल्या पेशी भिंगाची पारदर्शक प्रथिने बनवू लागतात. प्रकाश अडवणाऱ्या पेशींच्या पोटी प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या पेशी जन्माला येतात.

जपानमधले गोरो एगुची, अमेरिकेतले पानागिओटिस त्सोनिस आणि त्यांचे सहकारी यांनी या गोष्टीचा चिकाटीने पाठपुरावा केला. त्याच त्या न्यूटांचे भिंग त्यांनी सोळा वर्षांत १८ वेळा काढले, आणि दर वेळी ते पुन्हा आले. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ते न्यूट तिशीच्या घरात पोचले होते. तरी शेवटचे भिंग रचनेत आणि जनुकांच्या कामात कधीच न काढलेल्या भिंगाच्या तोडीचे होते. वय वाढले म्हणून माघारी वळण्याची क्षमता आटली नव्हती.

हे पुस्तक अशा पेशींविषयी आहे. एखादे काम पत्करून त्यात मुरलेली पेशी ते काम सोडते, आपली खास ओळख पुसते आणि पुन्हा कोवळ्या, अनिश्चित अवस्थेकडे जाते, याला जीवशास्त्रात प्रतिविभेदन म्हणतात. एका फलित अंड्यापासून रक्ताच्या, हाडाच्या, चेतातंतूंच्या पेशी कशा होतात ही सरळ दिशेची कथा शाळेपासून आपल्या ओळखीची आहे. उलट दिशेची कथा मात्र मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग या आपल्या घराघरांतल्या आजारांशी तिचा थेट संबंध आहे.

शास्त्रज्ञांनी ही परतीची वाट प्रदीर्घ काळ अशक्य मानली, आणि त्याला कारणे होती. ऑगस्ट वाइजमन यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार पेशी विभागत जाते तशी तिच्यातल्या आनुवंशिक द्रव्याची वाटणी होत जाते, आणि स्नायूच्या पेशीकडे शेवटी स्नायूपुरतेच द्रव्य उरते. सगळा वारसा जपला जातो तो फक्त जननपेशींत. हा सिद्धान्त पुढे चुकीचा ठरला, पण तो हवेतला नव्हता. घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या गर्भात देहपेशी होऊ घातलेल्या पेशी आपल्या गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच टाकून देतात, हे थिओडोर बोव्हेरी यांनी १८८७ मध्ये पाहिले होते. जे टाकून दिले ते परत कुठून आणणार? जंताचा तो अपवाद आहे आणि बहुतेक प्राण्यांत काहीच टाकले जात नाही, हे सिद्ध व्हायला पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली.

वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ही कल्पना इतकी परकी नव्हती. जास्वंदीची फांदी ओल्या मातीत खोचली की तिला मुळे फुटतात, म्हणजे खोडातल्या काही पेशी आपले जुने काम सोडून मुळे घडवायला लागतात. वनस्पतीच्या एकट्या पेशीपासूनही संपूर्ण रोप व्हायला हवे, असे गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये लिहिले. त्यांना स्वतःला ते साधले नाही. ते १९५८ मध्ये साधले ते गाजराच्या पेशींत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या अन्नवाहिन्यांच्या पेशी पोषकद्रावणात वाढवल्या. त्या द्रावणात कळीचा घटक होता नारळाचे पाणी. कारण ते नारळाच्या कोवळ्या बीजाला पोसणारे द्रव्य असते आणि पेशींना विभागायला लावणारी संप्रेरके त्यात असतात. तिथे पेशींचे गोळे झाले आणि गोळ्यांतून रोपे आली. विमला वसिल आणि ए. सी. हिल्डेब्रँट यांनी १९६५ मध्ये तंबाखूची अगदी एकेकटी पेशी वेगळी ठेवून तिच्यापासून रोप घडवले, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून, म्हणजे परागकणांपासून, रोपे मिळवली होती. भारतात झालेल्या या कामाचा उल्लेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्या मुलांना तो माहीत असावा असे मला फार वाटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जळगावकडच्या शेतकऱ्याला टिश्यूकल्चरची केळीची रोपे नवी नाहीत, आणि ती पेशींच्या माघारी वळण्यातूनच येतात असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. केळीची ती रोपे मुख्यतः कोंबाच्या टोकाशी असलेल्या वर्धी ऊतीपासून केली जातात. त्या पेशी मुळातच कोवळ्या असतात, त्यांना परतायची गरज नसते. गाजराची गोष्ट वेगळी, केळीची वेगळी. अलीकडे तर गाजराची गोष्टही वाटली तितकी सरळ नाही असे दिसू लागले आहे. जखमेवर किंवा काचेच्या बाटलीत वाढणारा पेशींचा बेढब गोळा, ज्याला कॅलस म्हणतात, तो सर्व ओळख पुसलेल्या पेशींचा असतो असे आपण धरून चाललो होतो. २०१० मध्ये आरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर झालेल्या कामात दिसले, की पान किंवा पाकळीपासून केलेल्या कॅलसमध्येही मुळाच्या टोकासारखी जनुके चालू असतात. पेशी मागे जाते हे खरे, पण कोऱ्या पाटीपर्यंत जाते असे नाही. वाचकाने ही सावधगिरी पुस्तकभर सोबत ठेवावी.

प्राण्यांतला निर्णायक पुरावा आला तो बेडकांच्या अंड्यांतून. फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी १९५२ मध्ये बेडकाच्या अंड्यातले केंद्रक काढून तिथे कोवळ्या गर्भाच्या पेशीचे केंद्रक घातले, आणि बेडूकमासे जन्मले. गर्भ जरा मोठा झाल्यावर त्याची केंद्रके घेतली तर मात्र यश झपाट्याने घटत गेले, म्हणून केंद्रकात कायमचे बदल होत असावेत असे त्यांना वाटले. ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी दुसऱ्या जातीचा, आफ्रिकी नखवाला बेडूक घेतला आणि बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशींची केंद्रके वापरली. १९६२ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिले. सुमारे दीड टक्का अंड्यांतून धडधाकट बेडूकमासे आले होते, आणि पुढे त्यातून प्रजननक्षम बेडूकही झाले. दीड टक्का हे यश मानायचे की अपयश, यावर कित्येक वर्षे वाद चालला. त्या दीड टक्क्यात आतड्यातल्या आधीच कोवळ्या असलेल्या पेशी असतील, ही शंका रास्तच होती. तिला सस्तन प्राण्यांतले उत्तर ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये मिळाले. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून डॉली ही मेंढी जन्मली. २७७ प्रयत्नांतून ती एकटी.

एवढ्यावरून वारसा शाबूत असतो हे कळले. पण अंडे नेमके काय करते, ते कळले नव्हते. क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी तो प्रश्न अंड्याच्या बाहेर आणला. शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या गर्भमूलपेशींत जोमाने काम करणारी २४ जनुके त्यांनी निवडली. एकेक जनुक उंदराच्या साध्या संयोजी पेशीत घालून काहीच होईना. मग ताकाहाशींनी २४ ही जनुके एकदम घातली, आणि काही पेशी गर्भमूलपेशींसारख्या झाल्या. यानंतर दर खेपेला एक जनुक वगळून पाहत पाहत चार उरली: ऑक्ट३/४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. हे निष्कर्ष २००६ मध्ये आले, पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशींवर तेच साधले, आणि २०१२ मध्ये गर्डन आणि यामानाका यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. या चारही जनुकांची प्रथिने इतर जनुके चालू-बंद करणारी आहेत. हजार पेशींतली एखादीच परतत होती आणि तिला दोन-तीन आठवडे लागत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. परतणे अवघडच आहे, आणि ते अवघड का आहे हा या पुस्तकातला मोठा प्रश्न आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला बसलो ती. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये एक चित्र छापले होते: डोंगरउतारावरून घरंगळणारा चेंडू, आणि खाली फुटत जाणाऱ्या दऱ्या. पेशी चेंडूसारखी उतरते आणि शेवटी एका दरीत विसावते. या चित्राने दोन पिढ्यांचे विचार घडवले, आणि माझ्या मते काही प्रमाणात बिघडवलेही. दरीच्या तळाशी पडलेल्या चेंडूला तिथे राहण्यासाठी काहीच करावे लागत नाही. पेशीचे तसे नाही. आपण जे आहोत ते राहण्यासाठी तिला क्षणोक्षणी काम करावे लागते. षड्ज लावून धरलेल्या गवयाचा श्वास थांबला की सूर थांबतो, तशी तिची ओळख तिच्या चालू श्रमावर उभी असते.

याचे पुरावे या पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत आहेत आणि ते थक्क करणारे आहेत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींत पॅक्स५ नावाचे प्रथिन असते. व्हिएन्नामध्ये माइनराड बुसलिंगर यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पूर्ण वाढलेल्या बी-पेशींतून फक्त हे एक जनुक काढून टाकले. पेशी अस्थिमज्जेत जाऊन आपल्या आद्य अवस्थेला पोचल्या, आणि तिथून वेगळ्याच वाटेने टी-पेशी झाल्या. बी-पेशी घडताना प्रतिपिंडांच्या जनुकांची कायमची कापाकापी होते; त्या खुणा या नव्या टी-पेशींत तशाच होत्या. म्हणजे त्या पूर्वी कोण होत्या याचा पुरावा त्यांच्याच डीएनएत कोरलेला होता. हे काम २००७ चे. दोन वर्षांनी प्रौढ मादी उंदराच्या बीजकोशातून फॉक्सएल२ हे जनुक काढून पाहिले गेले, तर बीजकोशाच्या पेशी वृषणाच्या पेशींसारख्या झाल्या आणि पुरुषी संप्रेरक बनवू लागल्या. प्रौढ बीजकोश आयुष्यभर बीजकोश राहतो तो एका प्रथिनाच्या अखंड पहाऱ्यामुळे. हा पुरता प्रतिविभेदनाचा प्रकार नाही, एका ओळखीतून थेट दुसऱ्या ओळखीत जाण्याचा आहे; पण पहारा उठला की काय होते ते त्यातून लख्ख दिसते.

मधुमेहाची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी हळूहळू मरतात, म्हणून इन्शुलिन कमी पडते, असे डॉक्टर सांगत आले आणि रुग्ण ऐकत आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डोमेनिको अचीली यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांच्या बीटा पेशींना आधी कायमची खूण केली आणि मग त्यांचे काय होते ते पाहिले. बहुतेक पेशी जिवंत होत्या. त्यांनी इन्शुलिन बनवणे सोडले होते आणि त्या गर्भातल्या पूर्वज पेशींसारख्या दिसू लागल्या होत्या. काही तर साखर वाढवणारे ग्लुकागॉन बनवत होत्या. साखरेच्या अतिरेकी ताणाखाली पेशीला आपली ओळख धरून ठेवणे झेपेनासे होते. दुसऱ्या एका गटाने २०१४ मध्ये मधुमेही उंदरांना इन्शुलिन देऊन साखर आटोक्यात आणली, तर अशा पेशी पुन्हा बीटा पेशी झाल्या. माणसात हे किती प्रमाणात लागू पडते त्याचे संशोधन चालू आहे, आणि औषध बदलण्याचा सल्ला या पानावरून कुणी घेऊ नये. पण मेलेली पेशी परत येत नाही आणि थकलेली येऊ शकते, हा फरक रुग्णाच्या दृष्टीने केवढा मोठा आहे!

पेशी किती मागे जाते, हा पुढचा प्रश्न. ॲक्सोलोटल या सॅलमँडरचा पाय तोडला की जखमेच्या टोकाशी कोवळ्या पेशींचा गड्डा जमतो आणि त्यातून नवा पाय येतो. त्या गड्ड्यातल्या साऱ्या पेशी सारख्याच, काहीही होऊ शकणाऱ्या असतात असे शंभर वर्षे मानले जात होते. ड्रेस्डेनमध्ये एली तानाका यांच्या गटाने २००९ मध्ये वेगवेगळ्या ऊतींना चमकत्या हिरव्या प्रथिनाची खूण करून दाखवले, की स्नायूतून आलेल्या पेशी स्नायूच करतात, कूर्चेतून आलेल्या स्नायू करत नाहीत. पेशी तरुण होतात, पण घराणे विसरत नाहीत. पुढे २०१४ मध्ये आणखी एक गंमत कळली. न्यूटमध्ये स्नायूतंतू स्वतः तुटून माघारी वळतात, तर त्याचाच चुलतभाऊ ॲक्सोलोटल राखीव मूलपेशींवर काम भागवतो. एकच पाय, दोन रीती.

झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडातला, आणि हृदयाच्या अभ्यासात आज त्याला तोड नाही. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ मध्ये दिसले. तिथल्या स्नायूपेशी आपले आकुंचनाचे तंतू काही प्रमाणात मोडतात, विभागतात, आणि पुन्हा कामावर रुजू होतात. उंदराच्या पिल्लात ही ताकद जन्माच्या दिवशी असते आणि आठवड्याभरात जाते. माणसाच्या हृदयात पंचविशीला वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी बदलतात आणि पंचाहत्तरीला ०.४५ टक्के, अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ च्या मोजणीतून हे समजले. हृदयविकाराचा झटका भरून काढायला हा वेग अगदीच अपुरा आहे. पण आपल्यात काहीच परतत नाही असेही नाही. हाताची नस कापली गेली तर तिच्याभोवतीच्या श्वान पेशी आपले वेष्टनाचे काम सोडतात, मागच्या अवस्थेत जातात, मोडतोड साफ करतात आणि तंतूला पुढची वाट दाखवतात. बोटांत हळूहळू परतणारी संवेदना ही त्यांची करणी.

मग आपल्या शरीराने हृदयाला ही मुभा का दिली नाही? उत्तराचा एक भाग कर्करोगात आहे. पुष्कळ अर्बुदांतल्या पेशी आपली ओळख गमावलेल्या असतात. यकृताच्या कर्करोगात गर्भावस्थेत बनणारे अल्फा-फीटोप्रोटीन पुन्हा रक्तात दिसते आणि डॉक्टर त्याची तपासणी करतात. यामानाकांच्या चार जनुकांतले सी-मिक कर्करोगात कुप्रसिद्ध आहे. कर्करोगापासून राखणारे पी५३ हे प्रथिन काढून टाकले तर पेशी अधिक सहज माघारी वळतात, हे २००९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी एकाच सुमारास दाखवले. माद्रिदमध्ये २०१३ साली जिवंत उंदराच्या शरीरातच ती चार जनुके चालू केली, तेव्हा निरनिराळ्या अवयवांत गाठी झाल्या. पॅक्स५ काढलेल्या उंदरांनाही जहाल लिम्फोमा झाला होता. म्हणून अलीकडचे प्रयत्न अर्ध्या वाटेवर थांबण्याचे आहेत: २०१६ मध्ये अकाली म्हातारपणाचा आजार असलेल्या उंदरांत ही जनुके आठवड्यातून दोनच दिवस चालू ठेवली, तर गाठी न होता त्यांचे आयुष्य वाढले. पेशीची ओळख न पुसता तिचे वय तेवढे मागे नेता येईल का, याची झुंबड सध्या जगभर चालू आहे. झुंबडीत काय होऊ शकते तेही आठवावे. पेशींना आम्लाचा ताण दिला की त्या मूलपेशी होतात, असा दावा जपानमधून जानेवारी २०१४ मध्ये झाला. तो कुणालाच पुन्हा करून दाखवता आला नाही आणि जुलैत निबंध मागे घेतले गेले.

आपल्याकडच्या वाचकाला मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. स्टेम सेलच्या नावाने गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सगळे बरे करण्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात आणि माणसे शेती विकून पैसे भरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा कोणताही उपचार नित्याचा म्हणून मान्य नव्हता. बाकी सर्व फक्त नोंदणीकृत चाचणीत, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. खरी प्रगती कशी दिसते ते पाहायचे, तर कोबेमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये झालेली शस्त्रक्रिया पाहावी. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेच्या पेशी माघारी नेल्या, त्यातून दृष्टिपटलाच्या मागचा रंगीत थर घडवला आणि तिच्या डोळ्यात बसवला. नजर सुधारली नाही, पण ढासळायची थांबली आणि गाठ झाली नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्यांनी ती शस्त्रक्रिया केलीच नाही. मला या कामात पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच हा नकारही मोलाचा वाटतो.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे इतिहासाची आहेत. विज्ञानाची फारशी पार्श्वभूमी नसली तरी ती सहज वाचता येतील. जनुके चालू-बंद कशी होतात याचे चौथे प्रकरण अवघड आहे आणि ते सोपे करण्याच्या नादात मोडतोड करावी असे वाटले नाही. ते सावकाश वाचावे. मधुमेहाच्या ओढीने आलेल्या वाचकाने थेट सहावे प्रकरण उघडले आणि अडेल तिथे चौथ्याकडे वळले, तरी चालेल.